कात गेला, कातकरी उरले

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ साली आलेल्या ऑनलाइन खेळात पात्राला दोन मुख्य व्यवसाय घेता येतात. मी एक गोळा करायचा घेतला, एक बनवायचा: झाडपाला खुडायचा, त्याचीच औषधं करायची. कंटाळा आला की व्यवसाय बदलता येतो.

लोणावळ्याभोवती, मावळातल्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्यांचं नाव अशाच जोडीतून आलंय. खैर तोडायचा, गाभ्याच्या ढलप्या उकळायच्या, पाणी आटवून कात पाडायचा. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलातली तोड सरकारच्या हाती गेली. खैर तुटेना, तिथे कात कुठून होणार? मग कोळसाभट्टी आली, वीटभट्टी आली, उचल आली. व्यवसाय इथेही बदलला. निवड मात्र त्यांची नव्हती.