वाड्याची अंतर्रचना व नूतनीकरण
पेशवेकाळात पुणे, नाशिक, वाई इत्यादी ठिकाणी विकसित झालेल्या वाडा या गृहप्रकारात घराचा विस्तार खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात, मोजला जाई आणि ओसरी, दिवाणखाना, माजघर, देवघर ही दालने उघड्या चौकाभोवती रचलेली असत. दिवाणखान्यातील सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी आणि छताला खालून फळ्या जडवून केलेली तक्तपोशी ही या शैलीची खरी श्रीमंती असून, दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात बांधलेल्या विश्रामबागवाड्यात (१८०७) ती आजही पाहावयास मिळते. अशा घरांच्या नूतनीकरणात जुन्या विटांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविण्याची चूक वारंवार होते. सिमेंटमुळे भिंतीतील ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात व भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात, तर चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ओल बाहेर पडू देतो. स्वयंपाकघर व स्नानगृह आधुनिक करण्यास फारशी अडचण नसते. परंतु चौकावर कायमचे छप्पर घातल्यास सभोवतालच्या दालनांचा उजेड व वारा एकदमच हरपतो.