व्होल्ट कोणत्या काट्यावर तोलायचा?

कापूस काट्यावर चढतो तेव्हा काट्याचा आकडा आपण खरा मानतो, कारण तो काटा कोणीतरी प्रमाणित वजनाशी ताडून पाहिला आहे आणि त्यावर शिक्का मारला आहे. विजेच्या मापनालाही हाच नियम लागू आहे. फक्त तिथला शिक्का डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी येथील शेतकरी कुंपणाला बॅटरीवर चालणारे झटका मशीन जोडतात. रात्री बॅटरी उतरली की कुंपणाची नुसती तार उरते. बॅटरीचा व्होल्टेज मोजून तो कमी होताच दिवा लावणारे यंत्र मायक्रोकंट्रोलरवर तयार करणे, हा शाळेतील मुलांना जमण्यासारखा प्रकल्प आहे. पण हे यंत्र शेतावर गेले, की जागलीला जायचे की घरी झोपायचे, हे शेतकरी त्या दिव्यावरून ठरवणार. म्हणून त्याचा आकडा कितपत खरा, हा प्रश्न केवळ गुणांपुरता राहत नाही.

आता आकडे पाहू. १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास न वापरलेली असेल, तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. उतरलेली सुमारे ११.९. म्हणजे सारा खेळ ०.८ व्होल्टचा. आर्डुइनो युनोवरील एटीमेगा ३२८ या चिपमध्ये तुलनेसाठी १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. मात्र निर्मात्याच्या माहितीपत्रकानुसार तो प्रत्यक्षात १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ही नऊ-दहा टक्क्यांची चूक १२ व्होल्टवर १.१ व्होल्टच्या आसपास जाते. मोजायच्या साऱ्या टप्प्यापेक्षा मापाची चूकच मोठी! व्होल्टेज कमी करून चिपला देण्यासाठी जे दोन रोध जोडतो, ते पाच टक्के सूट असलेले असतील तर त्यांची चूक आणखी वेगळी.

काही जण चिपच्या स्वतःच्या पुरवठ्यालाच संदर्भ मानतात. चिप ज्या घटावर थेट चालते तोच घट असा मोजायला घेतला, तर तो भरलेला असो वा उतरत आलेला, वाचन नेहमी १०२३ हेच येते. ज्या कापडाची लांबी मोजायची त्याच कापडाचा गज करावा, तसे हे झाले.

मग खरा व्होल्ट असतो कुठे? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न तारायंत्राने ऐरणीवर आणला. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. मुळात सदोष असलेल्या त्या तारेवर व्हाइटहाउस या विद्युततज्ज्ञाने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला होता. ‘व्होल्ट’ हे सर्वमान्य एकक तेव्हा अस्तित्वातच नव्हते. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट यांनी विजेच्या एककांची सुसंगत पद्धत हवी, असा आग्रह मँचेस्टरच्या सभेत धरला. १८७० मध्ये समुद्रतारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईत काही तासांत कळू लागला. वऱ्हाडच्या कापसाचे दैव अशा रीतीने या तारांशी बांधले गेले होते.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेने व्होल्ट स्वीकारला. त्याचे मूल्य डॅनियल घटाच्या जवळपास यावे, असे ठरवले गेले होते. पण एकक ठरवणे वेगळे आणि ते सांभाळून ठेवणे वेगळे. क्लार्क यांनी १८७०च्या दशकात पारा आणि जस्त यांचा प्रमाण घट तयार केला. तो १५ अंश सेल्सिअसला १.४३४ व्होल्ट देई, पण तापमान एक अंशाने वाढले की व्होल्टेज सुमारे १.२ मिलिव्होल्टने घसरे. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये जस्ताऐवजी कॅडमियम वापरून ही घसरण जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर आणली. २० अंशांना १.०१८३ व्होल्ट देणारा हा घट १९११ पासून जगाचे प्रमाण झाला.

तरीही घट ही रसायनांनी भरलेली काचेची वस्तूच. ती म्हातारी होते. १९६२ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवले की, दोन अतिवाहकांच्या जोडावर व्होल्टेज आणि वारंवारता यांचे नाते अटळ असते. १९९० पासून ४,८३,५९७.९ गिगाहर्ट्‌झला एक व्होल्ट, असे जगाने मानले. २०१९ मध्ये एककांची व्याख्या बदलली तेव्हा हा आकडा किंचित सुधारला. भारतात व्होल्टचे राष्ट्रीय प्रमाण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. चांगल्या मीटरचा आकडा एकेक पायरी चढत अखेर अशाच प्रयोगशाळेपाशी पोहोचतो.

आपल्या चिपमधला संदर्भ याच शोधाची धाकटी पाती आहे. १९७१ च्या सुमारास बॉब विडलर यांनी तो एका चिपवर साधला. सिलिकॉनच्या जोडावरील व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते. त्यात तापमानाबरोबर वाढणारे दुसरे व्होल्टेज मिळवले की बेरीज जवळजवळ अचल राहते. हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा निराळा असतो, पण एकाच चिपमध्ये सहसा हलत नाही. तो स्थिर आहे, अचूक नाही. आणि स्थिर आहे म्हणूनच एकदा ताडून घेतला की कामी येतो.

ताडण्याची रीत सोपी आहे. उतरत आलेल्या आणि भरलेल्या अशा दोन बॅटऱ्या घ्याव्यात. प्रत्येकीवर मल्टिमीटरचा आणि चिपचा आकडा एकाच वेळी टिपावा. या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण प्रोग्रॅममध्ये घालावे. रोधांची चूकही त्यातच भरून निघते. साध्या मल्टिमीटरची चूक अर्धा टक्का धरली, तर १२ व्होल्टला ती ०.०६ व्होल्ट होते. आपल्या ०.८ व्होल्टच्या टप्प्यात एवढी चालेल. यवतमाळचा उन्हाळा लक्षात घेऊन हीच पडताळणी एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी करावी.

बारावीला पोटेन्शिओमीटरवर दोन घटांची तुलना करणारा विद्यार्थी नेमके हेच करत असतो. व्होल्टेज मोजणे म्हणजे तुलना करणे. म्हणून मुलांनी यंत्राच्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवावी: कोणत्या मीटरशी ताडले, कोणत्या तारखेला, किती फरक आला. काट्यावरचा शिक्का तो हाच.