पत्ता बदलला, कार्ड परत गेलं

"सूनबाईचं कार्ड आलं का रे?"

गेले काही रविवार फोनवर अण्णांचा पहिला प्रश्न हाच. अण्णा पोखर्णीला असतात. परभणी जिल्ह्यातली, नृसिंहाच्या देवळाची पोखर्णी. तिथे पाकिटावर नाव, मु. पो. आणि ४३१ने सुरू होणारा पिनकोड एवढं असलं की झालं. घर एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं तरी पोस्टमनला ते ठाऊक असतंच. त्यामुळे सरकारनेच पाठवलेलं कार्ड दारापर्यंत येऊन परत गेलं, हे त्यांना काही केल्या पटत नाही.

झालं असं, की आम्ही अपार्टमेंट बदललं. पोस्टाला नवा पत्ता कळवला आणि निश्चिंत बसलो. चूक आमचीच. बायकोच्या एच-४ वरचं वर्क परमिट (२०१५ पासून एच-१बी वाल्यांच्या काही जोडीदारांना हे मिळतं) जुन्या पत्त्यावर गेलं. अशी पाकिटं अमेरिकन पोस्ट पुढे पाठवत नाही, पाठवणाऱ्याकडे परत करतं. एप्रिल २०१८ पासूनचा नियम तर असा, की परत आलेल्या कार्डासाठी कामाच्या ६० दिवसांत योग्य पत्ता कळवला नाही, तर ते नष्ट करतात. नोकरीची ऑफर हातात, आणि कार्डाचा पत्ता नाही!

आता आमच्यासारख्या परदेशी माणसाने घर बदललं की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं, एआर-११ नावाच्या फॉर्मवर. मला वाटायचं, आपली टपाल नीट मिळावी म्हणून ही सोय असेल. वीकेंडला खोदत बसलो तर भलतंच निघालं.

हा नियम १९४० चा. युरोपात महायुद्ध पेटलेलं, फ्रान्स नुकताच पडलेला, आणि अमेरिकेला घरभेद्यांची धास्ती. २८ जून १९४० ला रूझवेल्टनी परकीय नोंदणी कायद्यावर सही केली. १४ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने नोंद करायची, बोटांचे ठसे द्यायचे. आणि हे सगळं कुठे? पोस्ट ऑफिसात! ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत जवळजवळ ५० लाख लोकांनी नोंद केली. तिथे राहणाऱ्याने घर बदललं तर ५ दिवसांत कळवायचं. म्हणजे हेतू पत्र पोचवण्याचा नव्हताच, माणूस कुठे आहे ते सरकारला माहीत असावं, एवढाच. १९५२ च्या कायद्यात ५ चे १० दिवस झाले, न कळवल्यास २०० डॉलर दंड किंवा ३० दिवस तुरुंग. शिवाय दर जानेवारीत पत्ता पुन्हा कळवायचा. ती वार्षिक कटकट १९८१ च्या कायद्याने संपली.

नंतर हा नियम जवळपास सगळेच विसरले. ११ सप्टेंबर २००१ नंतर सरकारला तो एकदम आठवला, आणि २००२ च्या जुलैत अॅटर्नी जनरल अॅशक्रॉफ्ट यांच्या खात्याने आता कडक अंमल करणार असं जाहीर केलं. त्याच सुमारास बातमी फुटली, की लोकांनी इमानेइतबारे भरून पाठवलेले सुमारे २ लाख पत्ताबदल फॉर्म कॅन्सस सिटीजवळच्या चुनखडीच्या जुन्या खाणीत, खोक्यांत, नोंद न होता पडून आहेत. डेटाबेसमध्ये 'राइट' होतंय पण 'रीड' कुणी करत नाही, अशी सिस्टिम आम्ही केली असती तर मॅनेजरने हाकललं असतं :)

त्यात आणखी मेख अशी, की एआर-११ भरला तरी चालू अर्जावरचा पत्ता आपोआप बदलत नसे. तो वेगळा कळवावा लागायचा, आणि पोस्टाला तिसऱ्यांदा. पहिली दोन कामं एका ऑनलाइन फॉर्मवर आली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. पोस्ट अजून वेगळंच. आम्ही नेमकं फक्त तेच केलं होतं! आणि १९४० चा तो नोंदणीचा कायदा एप्रिल २०२५ मध्ये नव्या फॉर्मसह पुन्हा जोरात लागू झाला. ज्यांच्याकडे वर्क परमिट किंवा आय-९४ आहे त्यांची नोंद झालेली धरतात, म्हणून आम्ही त्यातून सुटलो.

असो. आता पत्ता सगळीकडे बदललाय, कार्ड परत पाठवा म्हणून विनंती केली आहे, आणि ६० पैकी २२ दिवस गेलेत. काल पेटीत एक पाकीट होतं. धावत जाऊन बघितलं तर अण्णांचं, जुन्या पत्त्यावर पाठवलेलं, वर पोस्टाचं पिवळं स्टिकर लावून नव्या घरी आलेलं. आत पोखर्णीच्या नृसिंहाचा अंगारा.