लपणाऱ्या नक्षीची नोंदणी

कोलकात्याच्या एस्प्लनेडला एका अंगाला बस-ट्रामचा गलबला आणि धर्मतल्ल्याच्या फेरीवाल्यांची दाटी, तर दुसऱ्या अंगाला नजर पोहोचेल तिथवर गवत. हे मैदान शहराला हवा मिळावी म्हणून राखलेले नाही, तोफांसाठी मोकळे केलेले आहे. जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या फौजेने इंग्रजांचा जुना किल्ला घेतला, तेव्हा तटाशेजारच्या घरांचा आडोसा तिला आयता मिळाला होता. प्लासीच्या लढाईनंतर गोविंदपूरला नवा फोर्ट विल्यम बांधायला घेताना इंग्रज ते विसरले नाहीत. त्यांनी वस्ती उठवली, झाडी तोडली आणि किल्ल्याभोवती माणसाला लपायला जागाच उरणार नाही असा पट्टा तयार केला. एस्प्लनेड ही त्या पट्ट्याची शहराकडची कड. लपण्याचा हाच प्रश्न सैनिकाच्या कपड्यालाही पडतो, आणि त्या कपड्याला कायम दोन कामे असतात: शत्रूला दिसू नये आणि आपल्या माणसाला ओळखू यावे. कॅमोफ्लाजचा इतिहास आपण पहिल्या कामाचा म्हणून सांगतो. एस्प्लनेडच्या मैदानाकडे तोंड करून पाहिले तर तो बराचसा दुसऱ्या कामाचा वाटतो.

जानेवारी १७५७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हने कोलकात्यात देशी शिपायांची पहिली पलटण उभी केली. अंगावरच्या लाल डगल्यांमुळे लोक तिला ‘लाल पलटण’ म्हणू लागले. आज हा रंग म्हणजे शत्रूला दिलेले आमंत्रणच वाटते, पण त्या काळच्या लढाईत तो मूर्खपणा नव्हता. काळ्या दारूच्या बंदुकांच्या दोन-चार फैरी झाडून झाल्या की मैदान धुराने भरून जाई, आणि त्या धुरात आपली रांग कोणती नि परक्यांची कोणती हे न कळणे गोळीपेक्षा घातक ठरे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू तयार झाली आणि हे गणित उलटले. खाकी त्याआधीच आलेली होती. इंग्रज अधिकारी हॅरी लम्सडेनने १८४६ मध्ये पेशावरला ‘गाइड्स’ नावाची तुकडी उभारून तिला मातकट कपडे दिले, १८५७ च्या उठावात गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले, आणि १८८५ पर्यंत हिंदुस्थानातल्या फौजेचा कामाचा रंग खाकी ठरला. खुद्द ब्रिटनमधल्या सैन्याने ती नेहमीच्या सेवेसाठी स्वीकारली १९०२ मध्ये, म्हणजे बोअर युद्धात भरपूर मार खाऊन झाल्यावर.

इथे कुणी म्हणेल, लपण्याने जीव वाचतो हे उघड असताना ओळखीचा एवढा बाऊ कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच शहरात आणि त्याच्या पूर्वेला सापडतो. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री जपान्यांनी कोलकात्यावर पहिले बॉम्ब टाकले. मैदानातून जाणाऱ्या रेड रोडची तेव्हा धावपट्टी झाली होती आणि तिथून हरिकेन विमाने उडत होती. व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढराशुभ्र संगमरवर चांदण्यात वैमानिकाला खूण ठरेल म्हणून काळा करून टाकला. तोफांना सगळे उघडे दिसावे म्हणून मोकळे केलेले मैदान आता आकाशातून झाकायचे होते. ब्रह्मदेशाच्या रानात तर फिकट खाकी चक्क उठून दिसे. म्हणून तिथल्या फौजेसाठी कपडे हिरव्या रंगात काढायला सुरुवात झाली आणि ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याच्या अंगावर ‘जंगल ग्रीन’ चढला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा पलटणीची चौथी बटालियन लढली, ती अशाच मुलखात. तिथे हिरवा रंग हा जिवाचा प्रश्न होता, याबद्दल वादच नाही.

पण एका रंगात बुडवलेला कपडा आणि ठिपक्यांची, फटकाऱ्यांची खास नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रान बदलत नाही, नक्षी मात्र देशागणिक बदलते. स्वातंत्र्यानंतर पाकिस्तानच्या सैन्याने खाकी ठेवली, भारतीय सैन्य ऑलिव्ह ग्रीनकडे गेले; एकाच मुशीतून निघालेल्या दोन फौजा लांबूनही वेगळ्या दिसू लागल्या. अमेरिकेच्या मरीन दलाने २००२ च्या सुमारास काढलेल्या संगणकी नक्षीत आपले बोधचिन्ह बारीक करून छापले. त्यांच्या नौदलाने तर निळ्या चौकड्यांचा गणवेश घेतला. खलाशी पाण्यात पडला तर तो सापडू नये याची एवढी चोख व्यवस्था दुसरी नसेल. काही वर्षांनी त्यांनी तो सोडून दिला.

आपल्या सैन्याचा नवा कॉम्बॅट गणवेश १५ जानेवारी २०२२ ला, सैन्यदिनी, पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंनी दिल्लीच्या संचलनात घालून दाखवला. निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेच्या मदतीने बेतलेला हा कपडा शिवणीच्या बाजूनेही विचार करून केलेला आहे: जाकिटाच्या पाठीवर चुण्या, डाव्या बाहीवर पेनची जागा, पाटलोणीला कमरेशी इलॅस्टिक आणि जिथे कापड हटकून उसवते तिथे दुहेरी शिलाई. पुढची गोष्ट कोलकात्यात घडली. देशातल्या डिझाइनची नोंदणी कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात होते. या नक्षीची नोंदही तिथेच झाली आणि २१ ऑक्टोबर २०२२ च्या पेटंट जर्नलमध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्या २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली हे झाले, तो कायदा डिझाइनची पारख केवळ डोळ्यांनी करायला सांगतो, आणि ते नजरेला भावले पाहिजे अशीही अट घालतो. नजरेतून निसटण्यासाठी काढलेल्या नक्षीचे संरक्षण करायला आपल्याकडे नजरेत भरण्याचा कायदाच काय तो उपलब्ध होता! खडकी आणि मुंबईसह सैन्याच्या १५ कँटीन डेपोंना सुरुवातीचे ५० हजार संच गेले, शिंप्यांना ते शिवायचे शिक्षण दिले गेले, आणि परवानगीविना कापड विकणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईल असे सैन्याने जाहीर केले.

याला कुणी मक्तेदारीची हौस म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने जानेवारी २०१६ चे पठाणकोट आठवावे. हवाई तळावर घुसलेले दहशतवादी सैन्याच्या गणवेशात होते. आपल्यासारखा दिसणारा शत्रू हा झुडपामागे लपलेल्या शत्रूपेक्षा अवघड, आणि त्यावर रंगशास्त्राचा उपाय चालत नाही. नक्षी कुणाच्या हाती पडते यावर ताबा ठेवावा लागतो. शहरात तर लपण्याचे काम जवळपास संपलेलेच असते. एस्प्लनेडच्या चौकात कोलकाता पोलिसाचा गणवेश पांढरा, आणि मोर्चा तापला की येणाऱ्या रॅपिड अ‍ॅक्शन फोर्सचा निळ्या चट्ट्यांचा. निळ्या रंगाची झाडी कोलकात्यात कुठे आहे? तो कपडा दुरून ओळखू यावा म्हणूनच निळा आहे, फक्त बोली त्याने रानातल्या कपड्याची उचलली आहे. निमलष्करी दले आणि पोलीस सैन्यासारखीच नक्षी घालू लागली तेव्हा सैन्याने हरकत घेतली, तीही याच कारणाने: बंदोबस्ताला उभा असलेला माणूस सैनिक आहे की पोलीस, हे लोकांना कळले पाहिजे.

डिझाइनचा हक्क मिळतो १० वर्षांसाठी, आणि मुदतवाढ घेतली तर आणखी ५. सैनिक नसताना सैनिकाचा वेश करून मिरवणे त्यानंतरही गुन्हाच राहील. भारतीय दंड संहितेत त्यासाठी १४० वे कलम होते, न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. पण नुसते कापड छापायला आणि विकायला डिझाइन कायद्याची आडकाठी साधारण २०३७ नंतर उरणार नाही. त्या सुमारास सैन्याने नवी नक्षी काढायला घेतली, तर रानाचा रंग बदलला हे त्यामागचे कारण असण्याची शक्यता कमी; जुन्या नक्षीचे तागे बाजारात खुले झाले, हे असण्याची जास्त.