तार सुरात लागली तेव्हा

वाचकहो, मैफिलीपूर्वी तंबोरा लावताना आपण पाहिला असेल. गवई खुंटी पिळून सूर जवळ आणतो, आणि मग घोडीखालचा मणी केसभर सरकवून तो नेमका बसवतो. तारा जुळल्या की एक छेडावी आणि दुसरी आपोआप थरथरावी, असं होतं. मणी जरासा चुकला तर मात्र दुसरी तार मुकीच राहते.

बिनतारी संदेशाचंही मर्म हेच आहे. नाव बिनतारी, पण मदार सारी छपरावर ताणलेल्या एका तारेवर! या तारेला एरियल म्हणतात. तिचा सूर प्रेषकयंत्राशी जुळला तरच शक्ती आकाशात जाते. तो जुळवण्याचं काम हौशी बिनतारीवाल्यांनी कित्येक वर्षं हातांनी केलं, आणि त्यातून जे घडलं त्याचा धागा थेट आपल्या आकाशवाणीपर्यंत येतो.

आधी हे जुळवणं म्हणजे काय, ते पाहू. ८० मीटर लांबीच्या लहरीला साधारण ४० मीटरची तार सुरात लागते. पण हौशी माणसाच्या दोन झाडांत किंवा छपरावर मिळेल तेवढीच जागा! तार आखूड पडली तर तिच्या वाटेत तांब्याच्या तारेचं वेटोळं घालायचं. तार जणू लांब होते. ती लांब झाली तर वाटेत कंडेन्सर घालायचा. हा कंडेन्सर म्हणजे पत्र्याच्या पात्यांचे दोन संच. दोन फण्यांचे दात एकमेकांत शिरवावेत तशी एका संचाची पाती दुसऱ्याच्या पात्यांमध्ये फिरतात, मात्र एकमेकांना शिकत नाहीत. वेटोळं आणि कंडेन्सर मिळून झाला हाताने फिरवायचा ‘ट्यूनर’.

तार जुळली हे कळायचं कसं? गरीब माणसाची युक्ती फार सुंदर होती. एरियलच्या वाटेत टॉर्चचा छोटा दिवा जोडायचा आणि बटण हळूहळू फिरवायचं. दिवा मिणमिणतो, उजळतो, आणि पुन्हा मंदावतो. सगळ्यांत जास्त उजळला ती जागा खरी. जुळणी चुकली तर शक्ती तारेत न जाता यंत्रातच उष्णता होऊन साठते, आणि व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालभडक होतो. तेव्हा हात चटकन मागे घ्यायचा.

या हाताचाही एक उपद्रव होता. माणसाचं शरीर विजेला ओळखतं. हात बटणाजवळ नेला की सूर बदले आणि काढला की पुन्हा निसटे. म्हणून बटणाला लांब एबोनाइटची दांडी लावून दुरून फिरवत. वाऱ्याने एरियल हेलकावली तरी त्या काळच्या साध्या यंत्रांचा स्वर डोलू लागे. लहर जितकी आखूड, तितकं हे सारं नाजूक. हे प्रत्यक्ष केल्याशिवाय पुस्तकातून येत नाही, असं माझं मत आहे. शिक्षकबंधूंना ते वेगळं सांगायला नको.

आता इतिहास. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने बिनतारीचा कायदा केला. लांब लहरी आरमाराला आणि जहाजांना ठेवल्या. हौशींना मिळाल्या २०० मीटर आणि त्याखालच्या. त्या दूर जात नाहीत, अशीच समजूत होती. गावची काळी जमीन वाटून झाल्यावर मुरमाड तुकडा ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या नावे करावा, तसं हे झालं.

पण त्या मुरमाड जमिनीत पीक आलं. १९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली या अमेरिकनाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून अटलांटिकपलीकडच्या हौशींचे संदेश ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या नीस गावचा लेआँ देलुआ आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांचं सुमारे ११० मीटरच्या लहरीवर दुहेरी बोलणं झालं, अर्थात तारायंत्राच्या कट्ट-कडकट्ट भाषेत. मार्कोनीही याच सुमारास आखूड लहरींकडे वळला होता. सारं श्रेय हौशींचंच, असं म्हणणं खरं नव्हे.

मग आली १८ ऑक्टोबर १९२४ ही तारीख. लंडनच्या मिल हिल शाळेत सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी शाळेच्याच बिनतारी केंद्रावर बसला होता. त्याला उत्तर आलं न्यूझीलंडमधून! शॅग व्हॅलीतल्या मेंढ्यांच्या कुरणावर राहणारा फ्रँक बेल बोलत होता. अंतर जवळजवळ १९,००० किलोमीटर. पृथ्वीवर याहून फार दूर जाताच येत नाही. एका शाळेने पोराला तार बांधू दिली आणि बटण फिरवू दिलं, म्हणून हे घडलं. लहरी आकाशातल्या थरावरून परततात, हे ॲपल्टन आणि बार्नेट यांनी प्रयोगाने दाखवलं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे या संभाषणानंतर!

आपला संबंध इथे येतो. हाच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला. तेव्हा प्रश्न बिकट होता. मध्यम लहरीचं केंद्र शहराभोवतालचा मुलूख चांगला सांभाळतं, पण एवढ्या मोठ्या देशात गावोगाव आवाज न्यायचा तर अशी केंद्रं किती उभारणार? पैसा कुठला? मध्यम लहरींच्या जोडीला आखूड लहरींची केंद्रं आली. १९३७ च्या डिसेंबरात दिल्ली, १९३८ च्या फेब्रुवारीत मुंबई, आणि त्याच वर्षी मद्रास व कलकत्ता. ऐकू येई ते काही वेळा विरत, खरखरत; शहरी कानांना ते रुचत नसेल. पण शेकडो मैलांवरच्या खेड्याला काहीच न ऐकण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. राज्य इंग्रजांचं होतं, त्यांचे हेतूही त्यांचे होते. तरी स्वातंत्र्यानंतर बातम्या, शेतीच्या सूचना आणि भजनं दूरच्या खेड्यांत पोहोचवायला या आखूड लहरी कामी आल्या.

आज प्रसारणात आखूड लहरींचा वापर पुष्कळ कमी झाला आहे. ट्यूनरही आता स्वतःच क्षणात जुळतात. तरी परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेले काही हौशी जुना, हाताने फिरवायचा ट्यूनर मुद्दाम वापरतात. त्यांच्याजवळ एक वही असते: अमुक लहरीला डावं बटण इतक्यावर, उजवं तितक्यावर. पावसात तार भिजली की त्या आकड्यांवर थांबून चालत नाही. पुन्हा बटणाला हात लावावा लागतो.