काल दिलेला निवाडा

२६ मे २००२. लॉस एंजेलिसमध्ये एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना. सॅक्रामेंटो किंग्ज मालिकेत २-१ ने पुढे. पूर्वार्ध संपता संपता लेकर्सच्या समाकी वॉकरने लांबून फेकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला आणि पंचांनी तीन गुण दिले. टीव्हीवरच्या रिप्लेमध्ये मात्र वेळ संपली तेव्हा चेंडू वॉकरच्या हातातच होता. घरी बसलेल्या प्रेक्षकाला हे दिसले. पंचाला ते पाहण्याची मुभाच नव्हती. शेवटच्या क्षणी रॉबर्ट हॉरीच्या फेकीवर लेकर्स १००-९९ असे जिंकले. ३-१ होऊ शकणारी मालिका २-२ झाली आणि पुढे सातव्या सामन्यात लेकर्सनी ती जिंकली. त्या तीन गुणांमुळेच किंग्ज हरले असे म्हणता येणार नाही, पण फरक एका गुणाचा होता, हे कसे विसरायचे?

२००२-०३ च्या हंगामापासून एनबीएने पंचांना रिप्ले पाहण्याची परवानगी दिली, तीही फक्त डावाच्या शेवटच्या क्षणी केलेल्या फेकींसाठी. वेळ संपताच बोर्डाच्या कडेला लाल दिवे लागतात. दिवा लागला आणि चेंडू अजून हातात दिसला, की बास्केट बाद. हळूहळू रिप्लेची कक्षा वाढली. २०१४ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकस येथे स्वतंत्र रिप्ले केंद्र सुरू झाले. २०१९-२० पासून प्रशिक्षकालाही पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येऊ लागले.

क्रिकेटने हे पाऊल दहा वर्षे आधी टाकले होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून पहिल्यांदा धावबाद दिला, तो आपल्या सचिन तेंडुलकरला.

कॅमेऱ्याने सगळेच वाद मिटतात असे नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघाने अमेरिकेला ५१-५० असे हरवले. अमेरिकेचे अपील ३-२ मतांनी फेटाळले गेले. खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. तिथे प्रश्न चेंडू कुठे होता हा नव्हताच. घड्याळ मागे नेण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. कॅमेरा घडलेले दाखवतो, अधिकार ठरवत नाही.

हजरत उमर यांनी अबू मूसा अशअरी यांना न्यायदानाविषयी लिहिलेले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. काल दिलेला निवाडा आज चुकीचा वाटला तर सत्याकडे परतायला संकोचू नये, असा त्यात उपदेश आहे. निर्णय बदलला तर पंचाचा मान जातो, ही भीती खेळात फार काळ होती. पण प्रेक्षकांना दिसलेली चूक पंचाने रेटून नेली, तर त्याचा मान राहतो कुठे? पुरावा ठोस नसेल तर मैदानावरचा मूळ निर्णय कायम राहतो, हाही रिप्लेचाच नियम आहे. म्हणजे पंचाच्या शब्दाला किंमत आहेच. फक्त डोळ्यांसमोरच्या साक्षीपेक्षा ती मोठी नाही.