बॉम्ब पडत होते, थेटरात लोक हसत होते : चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ची माहिती

लष्करी टोपी घातलेला चार्ली चॅप्लिन माणुसकीवर भाषण करतोय, असा व्हिडिओ अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. ते भाषण ‘द ग्रेट डिक्टेटर’ या सिनेमाच्या शेवटी येतं. हिटलरची थट्टा करणारा हा सिनेमा हिटलर जिवंत असताना, ऐन महायुद्धात आला.

सिनेमात काय आहे?
चॅप्लिनच्या दोन भूमिका आहेत. एक टोमेनिया देशाचा हुकूमशहा हिंकेल, दुसरा अगदी त्याच्यासारखा दिसणारा गरीब ज्यू न्हावी. हिंकेल म्हणजे सरळसरळ हिटलर. खऱ्या आयुष्यातही चॅप्लिन आणि हिटलर एप्रिल १८८९ मध्ये चार दिवसांच्या फरकानं जन्मले. मिशीही सारखीच.

आधी विरोध, मग परवानगी
युद्धाआधी इंग्लंडच्या सरकारला हिटलरला दुखवायचं नव्हतं. त्यामुळं हा सिनेमा तिकडं दाखवू देणार नाहीत, असं बोललं जात होतं. चॅप्लिन हटला नाही. सुमारे २० लाख डॉलर त्यानं स्वतःच्या खिशातून घातले. सप्टेंबर १९३९ मध्ये शूटिंग सुरू झालं आणि त्याच महिन्यात युद्धही पेटलं. मग इंग्लंडचं धोरणच फिरलं. काल जो सिनेमा अडचणीचा होता, तो आता हवाहवासा झाला.

इंग्लंडची थेटरं
३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर होताच बॉम्बच्या भीतीनं सरकारनं सगळी थेटरं बंद केली होती. पण लोकांना विरंगुळा पाहिजे, हे ध्यानात येऊन थोड्याच दिवसांत ती उघडली. ‘द ग्रेट डिक्टेटर’ १५ ऑक्टोबर १९४० ला न्यूयॉर्कमध्ये आणि डिसेंबरात लंडनला लागला. तेव्हा लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू होते. रस्त्यावर दिवे नाहीत, सगळीकडं अंधार. भोंगा वाजला की थेटरात तशी सूचना द्यायचे. ज्याला जायचं तो जाई, बाकीच्यांसाठी खेळ चालू राही. आपल्याकडं जत्रेतल्या तंबूतला सिनेमा पावसानं बंद पडायचा, तिकडं बॉम्बनंही पडत नव्हता!

ज्याची विमानं डोक्यावर घिरट्या घालतायत, तोच पडद्यावर पृथ्वीच्या फुग्याशी खेळताना पाहून लोक पोट धरून हसले. चॅप्लिनच्या सगळ्या सिनेमांत याची कमाई जास्त झाली.

शेवटच्या भाषणावर वाद
समीक्षकांत मात्र दोन तट पडले. विनोदी सिनेमाच्या शेवटी एवढं लांब भाषण कशाला, असं काहींचं म्हणणं. आज तेच भाषण सगळ्यात जास्त पाहिलं जातं. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही.

कुठं बंदी होती?
जर्मनीत आणि जर्मनीनं जिंकलेल्या देशांत सिनेमा बंद होता. पश्चिम जर्मनीतल्या लोकांना तो १९५८ मध्ये पाहायला मिळाला. स्पेनमध्ये तर हुकूमशहा फ्रँको मेल्यावर, १९७६ मध्ये लागला.

चॅप्लिन नंतर काय म्हणाला?
१९६४ च्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की, छळछावण्यांत खरं काय चाललंय हे तेव्हा कळलं असतं, तर या विषयावर विनोद करणं जमलं नसतं. हा सिनेमा पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि नुसतं भाषण पाहून थांबू नये. आधीचे दोन तास पाहिले, की मिशीवाला साधा न्हावी बोलायला उभा राहतो तेव्हा त्याचे पाय का लटपटतात, ते समजतं.